शू

हिरवा बेडूक. तोंड उघडं, पोट पोकळ.
पर्थ रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून
दोन पौंडांना आणला, तीनदा ब्लीचने धुतला.
कुहूने बघताक्षणी डोक्यावर घातला.

मग त्यात कांदे ठेवले. मग बाहुली.
मग माझा एक मोजा, त्याचा जोडीदार अजून सापडलेला नाही.
बसणं सोडून सगळं.

बसतेस का गं जरा?
नाही.
बाहुली बघ कशी शहाण्यासारखी बसलीय.
तिला आलीय. मला नाही आली.
आणि पाचव्या मिनिटाला सोफ्यामागे,
पडद्यात तोंड खुपसून, गुडघे किंचित वाकवून
ती तपाला बसल्यासारखी गप्प.

सांगलीहून आई फोनवर:
आम्ही नाही बाई असली भांडी आणली.
पाय लांब करून बसायचं, पावलांवर पोर बसवायचं
आणि तोंडाने शूऽऽ शूऽऽ करत राहायचं.
तू तर वर्षाच्या आत सुटलास.
हे स्पीकरवर. बायको समोर, हातात ओला टॉवेल.

नर्सरीची चिठ्ठी आली. तिसऱ्या वाढदिवसानंतर
वरच्या वर्गात डायपर चालणार नाही. सहा आठवडे उरले.
फ्रिजवर तक्ता लावला, सोनेरी तारे आणले.
तक्ता कोराच राहिला.
तारे बाहुलीच्या कपाळावर, टीव्हीवर, माझ्या लॅपटॉपवर.
एक तर साहेबांशी बोलताना माझ्याच गालावर होता,
साहेब काही म्हणाले नाहीत.

डंडीत मे महिन्यातही टे नदीवरून धुकं चढून येतं.
रेडिएटरवर अकरा चड्ड्या. वाळत नाहीत, नुसत्या कोमट होतात.
जिन्यात खालचे मिस्टर रॅट्रे भेटले,
माझ्या हातातली पिशवी, माझे डोळे बघून म्हणाले,
काळजी करू नकोस, माझी चारही शिकली.
लग्नाच्या आत.

एकदा मी ओरडलो. लिहायला नको वाटतं, पण ओरडलो.
नव्या गालिच्यावर. मुद्दाम करतेस, असं म्हणालो.
ती होती तिथेच उभी राहिली, पाय फाकवून,
आणि मी एरवी म्हणतो तसं, माझ्याच सुरात,
मला समजावत म्हणाली,
असू दे हं. आता पुसूया.

मग तो गुरुवार. मी तासभर आधीच पोचलो,
दाराच्या काचेतून बघत उभा राहिलो.
कुहू एका पायावरून दुसऱ्या पायावर.
मॉरीनचा एप्रन ओढत म्हणतेय, स्पष्ट, ऐकू येईल असं:
शू. शू आली.
आणि मॉरीन, देवमाणूस,
गुडघे कुरकुरत असताना खाली बसली
आणि तिच्या पायांत बूट घातले.
पट्टे नीट लावले. गालाला हात लावला.
कुहू बुटांकडे बघत राहिली.
मग कोपऱ्यात गेली, पडद्यापाशी.

तिथे शू म्हणजे बूट.
किती आठवडे ही पोर सांगत होती,
आणि दर वेळी कुणीतरी मायेनं तिला बूट घालत होतं.
असा शब्द कुणी किती दिवस वापरेल?
मीही सोडला असता.

मॉरीनला सांगितलं. आधी तिने तोंडावर हात ठेवला,
मग खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतला
तिच्या लिपीत आमचा शब्द.
स्पेलिंग दोनदा विचारलं.

त्या रात्री बाथरूमच्या गार फरशीवर
टबला पाठ टेकून बसलो, पाय लांब केले.
कुहूला वाटलं नवा खेळ. येऊन पावलांवर बसली.
तेरा किलो. घोट्यांना मुंग्या.
शूऽऽ, मी म्हणालो. शूऽऽ, ती म्हणाली.
नळ ठिबकत होता. शूऽऽ.
बायको दारातून हसली आणि गेली.
बराच वेळ काहीच नाही. तिने माझ्या अंगठ्याचं नख तपासलं,
वाढलंय म्हणाली.

आणि मग ऊन काहीतरी,
घोट्यावरून टाचेकडे.
ती खाली बघत होती, मीही.
आली, ती हळूच म्हणाली,
जणू कुणी पाहुणं आलंय.
मोजे काढायचे राहिलेच होते, एका पायातला,
म्हणजे तोही आता धुवायला गेला.

तक्त्यापर्यंत ती गेलीच नाही.
तारा माझ्या गुडघ्यावर चिकटवला, दाबून दाबून.

उद्याचं माहीत नाही.
बेडकात अजून कांदेच आहेत.