उशिरा परत केलेलं पुस्तक

कुमुदबाय, हे घ्या तुमचं पुस्तक.
सतरा दिवस उशीर झालाय, दंड लावा.
आवडलं का, ते विचारू नका.
विचारणारच, म्हणून सांगते.

तीन रात्री मशीन झाकून वाचलं.
चवथीचे ब्लाउज राहिले,
अर्ध्या माशेलची बोलणी खाल्ली.
लेखकाला खाजन कळतं, एवढं खरं:
भरतीला मानशीची फळी कशी कुरकुरते,
ओहोटीला चिखल कसा बुडबुडे सोडतो,
आणि त्या चिखलात पहिली बाई,
फुलासारखी पडलेली, म्हणतो.
फुलासारखी!
दोन दिवस खाऱ्या पाण्यात राहिलेलं माणूस
यानं पाहिलेलं नाही.
मी पाहिलंय, आखाड्याच्या धक्क्यावर.
ते पुन्हा कधीतरी.

आणि शिवण? अहो, साल अठराशे एकाहत्तर
नि कुळवाड्याच्या बायकोच्या चोळीला हूक!
गाठ मारायच्या त्या. पुढे, घट्ट.
ती गाठ सुटायला किती वेळ लागतो
याचा हिशेब मांडला असता
तर दुसरा खून त्या पानावर झालाच नसता.

खुनी मी साठाव्या पानावर ओळखला,
कोटाच्या बटणावरून.
तरी वाचत गेले. पेज करपली, तरी.
पाच बायका मरेपर्यंत डोळा लागला नाही
आणि पाचवी मेल्यावर
छान झोप लागली.
याची लाज कुठे भरायची,
तुमच्या वहीत रकाना आहे?

राग आला तो गावातल्या बायकांचा.
सगळ्यांना ठाऊक! विहिरीवर, मिठागरात,
तिन्हीसांजेला बांधावरून कोण जातो ते ठाऊक.
आणि रेजिदोर दारात आला की
एकजात तोंडात मिठाची गुळणी.
तिथे समासात मी पेन्सिलीनं लिहिलंय,
माफ करा, तुमचं पुस्तक:
"खोटं. एवढ्या गप्प बायका नसतात."

लिहिलं रात्री.
सकाळी सुशांती आली मापाला.
टेप दंडाभोवती नेली तशी
तिनं दंड आत ओढला.
चार बोटं, निळी. अंगठा मागच्या बाजूला.
मी म्हटलं,
"बाही कोपरापर्यंत करूया? सध्या चालतेय."
ती म्हणाली, "करा."
वहीत लिहिलं, बाही साडेदहा.

ती गेल्यावर वहीची मागची पानं उलटली.
गेल्या चवथीला साडेसात.
त्याच्या आदल्या वर्षी, लग्न झालं तेव्हा, सहा.
अक्षर माझंच.

म्हणून उशीर झाला.
पुस्तक वाईट नाही, कुमुदबाय.
शेवट फसलाय, रेजिदोर फार बोलतो.
पण कुणी मागितलं तर द्या.
रबर असेल तर तेवढं द्या इकडे,
समासातलं खोडायचंय.

ब्लाउज गुरुवारी न्यायला येईल ती.
सगळा शिवून झालाय,
बाह्या तेवढ्या जोडायच्या राहिल्यात.

हं. दंड किती म्हणालात?