पोटभाडेकरू

पास्तो गावात, ज्वालामुखीच्या पायथ्याशी,
माझा नवरा एलाडियो लाकडी डब्यांना कातडी चढवतो.
खरी कातडी नव्हे. जंगलातल्या एका झाडाच्या कळीची राळ.
उकळत्या पाण्यात मऊ करायची,
एक टोक त्याच्या दातांत, एक माझ्या चिमटीत,
आणि मी मागे मागे सरकायचं
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ होईस्तोवर.
भोक पडलं तर सगळं पुन्हा पातेल्यात.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्याचं जठर दाखवलं
तेव्हा तो एवढंच म्हणाला,
"इथे अस्तर नीट ताणलेलं नाही."

पिळवटलेला एक जंतू. किती वर्षांचा मुक्काम, कोण सांगणार.
लहानपणीच आला असेल, एका ताटातून, एका पेल्यातून.
ना करारनामा, ना पागडी. पोटभाडेकरू.
सासऱ्यांच्या पोटातही हाच असावा.
तेव्हा लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला आग होते.
मग म्हणायला लागले, चांगला माणूस होता.

हाकलायला दोन सरळ औषधं.
एक पेनिसिलीनच्या गोतातलं.
सातव्या वर्षी घशासाठी टोचलं होतं,
तर अंगभर गांधी, ओठ उकडलेल्या बटाट्यासारखे.
दुसरं सहा वर्षांपूर्वी खोकल्यासाठी घेतलं,
चौथ्या गोळीला डोळे सुजून मिटले.
त्याच्या पाकिटात अजून एक चिठ्ठी असते,
सासूबाईंच्या अक्षरात, चुकांसकट :
"याला पेनिसिलीन देऊ नका. हा एकच आहे."

बास्तीदासबाई म्हणाल्या, चाळीस वर्षांत
अंग कधी कधी वैर विसरतंही. तपासता येईल.
पण तपासणारा कालीला, आणि तारीख जूनची.
मग तिसरी वाट : चार औषधं, चौदा दिवस.

गिऱ्हाइकाने परत केलेला एक डबा मी काढला,
कोपऱ्यात पोपडा धरलेला,
त्याच्या खणांत गोळ्या मांडल्या.
गोळीच्या आगेमागे दूध नाही. दारूचा तर थेंबही नाही.
आणि सुरुवात नेमकी चोवीस डिसेंबरला.

पाच जानेवारीला आख्खं पास्तो
हौसेने तोंडाला काळं फासतं.
सेगुंदोने बाटली पुढे केली.
एलाडियोने नुसती जीभ बाहेर काढली.
बिस्मथने डांबरासारखी झालेली.
गल्ली हसून लोटपोट. कोणी म्हणालं, याला बक्षीस द्या,
हा आतूनही रंगलाय.

त्या रात्री मात्र तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
तोंडात सारखं तांब्याचं नाणं आहे गं,
उरलेल्या राहू देत.
मी म्हटलं, अर्धं ताणलेलं पान तू कधी सोडतोस का?

खोटं. हे मला आज सुचतंय.
तेव्हा मी म्हटलं, गप. गीळ.

फेब्रुवारीत पुन्हा बोलावलं. घोटभर आंबट पाणी,
थोडं थांबून एका पिशवीत फुंकायचं.
जन्मभर दातांत राळ धरून नाकाने श्वास घेणारा माणूस,
त्याला फुंकणंच जमेना.
नर्स पोर ओठांचा चंबू करून दाखवत होती
आणि हा तिच्याकडे बघून लाजत होता.
तिसऱ्यांदा फुगली पिशवी.
एवढासा वारा. त्यावर नाव लिहिलं, वेळ लिहिली.

निकाल शुक्रवारी.

आज गुरुवार. पाणी उकळलंय.
एक टोक त्याच्या दातांत, त्याची जीभ आता गुलाबी,
एक टोक माझ्याकडे.
बोलायची सोय नाही.
मी मागे सरकते आहे.