समासात

बुशहर. जुलै. पंख्याची दोरी ओढणारा पोरगा
झोपेतच ओढतो आहे.
मंडळाची सतरावी मासिक सभा.
टेबलावर भायखळ्याहून छापून आलेली नियमावली,
मतपेटी, तिच्यातल्या काळ्या-पांढऱ्या गोट्या,
आणि बाटलीतला एक मासा,
ज्याच्या नावावर दोन वर्षं वाद चालू आहे.

हजर: डॉक्टर प्रिंगल, तारखात्याचे हॅलम,
आर्मेनियन व्यापारी आराकेल, आणि घोरणारे एक खजिनदार.
कोरम पाचाचा.
कप्तान बसऱ्याला. पाद्री तापाने अंथरुणात.
पाचवा माणूस खोलीत आहे, पण तो मी.
केशव विठोबा ताम्हाणे, दरमहा पंचवीस रुपये.
नियम चौदा: कारकून हजर राहील,
मोजला जाणार नाही.

आज हॅलमचा निबंध होता,
समुद्राच्या तळाशी असलेल्या गोड्या झऱ्यांवर.
हॅलमला पोहता येत नाही.
ज्याला येतं तो बाहेर ओसरीत उकिडवा बसलाय,
बहारीनचा नाखुदा खमीस,
मांडीवर पाण्याने तट्ट फुगलेली बकऱ्याची पखाल.
पाणबुड्या तिच्या तोंडावर अंगठा दाबून खाली जातो,
बुडबुडे फुटतात तिथे अंगठा काढतो,
खाऱ्या सात वावांखालून
गोडं पाणी वर आणतो. रोज. त्यात निबंध काय लिहायचा,
असं त्याचा चेहरा म्हणतो.

त्याला आत घ्यावं का?
नियम नऊ: पाहुण्यासाठी दोन सभासदांच्या सह्या, तीन दिवस आधी.
डॉक्टरांनी घड्याळ काढलं.
अर्धा तास वाट पाहिली नियमाप्रमाणे,
चौघांच्या नजरा दाराकडे गेल्या
माझ्यामधून, जशा काचेतून जातात.
सभा तहकूब.

ते उठले. पखालीला घाम सुटला होता.
खमीसने पोराला हाक मारली, मग मला.
ओंजळ धर, म्हणाला, हातानेच.

इंग्रजीत मी लिहिलं: कोरम नाही, कामकाज नाही.
आणि समासात, मोडीत, बारीक:
पाणी गोड. कातड्याचा वास, किंचित डांबर.
तीन ओंजळी. पोराने पाच.

सप्टेंबरात कोरम भरला, नऊ जण.
ठराव: नमुना उपलब्ध नसल्याने निबंध पुढे ढकलावा.
थकलेली वर्गणी अकरा रुपये, तीही पुढे.
नमुन्याचं काय झालं, कारकुनाने खुलासा द्यावा.
मी दिला: उष्म्याने आटला.
खोटं नव्हतं. उष्मा आमचा होता.

डॉक्टरांनी मागचं पान उलटलं,
समासावर बोट थांबलं.
हे काय?
तारीख, साहेब. आमच्या पद्धतीची.
हं, म्हणाले, आणि खाली सही ठोकली,
इतिवृत्त वाचून कायम.

म्हणजे ती गोडी आता मंडळाच्या दप्तरी दाखल आहे,
अध्यक्षांच्या सहीनिशी, मोर्तब सुद.
माशाचं नाव अजून ठरायचं आहे.