शुक्रवारपर्यंत

आमच्या शहराचं नावच शांतता : ला पास.
युद्धाचं तिसरं वर्ष, आणि पाकिटावर हा पत्ता लिहिताना
टपाल कारकुनालासुद्धा आता हसू येत नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत मी दुय्यम चिटणीस.
काम एकच. कुणी ताकाला गेलं की भांडं लपवायचं.
सोमवारी रात्री आपली दोन माणसं सरोवर ओलांडून गेली,
एकाच्या कोटात नकाशा, दुसऱ्याच्या कोटात दातदुखीची पुडी.
पलीकडचे दोघे येणार तिसऱ्याच देशातल्या खाणावळीत.
वाटाघाटी? छे, छे.
अल्पाकाची लोकर पाहायला गेलेत.

मंगळवारी सिनेट.
डॉन अर्सेनिओ बालदिविएसो उभे राहिले, टोपी बाकावर आपटली :
"चाकोतली एक काटकीसुद्धा देणार नाही!"
टाळ्या. गॅलरीतल्या काळ्या शालींनी नाही वाजवल्या.
मी मागे बसून मोजत होतो :
सात आपले, पाच त्यांचे, चार वाऱ्यावर.
एकाला रेल्वेचा फाटा हवा होता. दिला, कागदावर.
एकाला मेहुण्याची बदली. तीही.
तिसऱ्या म्हाताऱ्याला नुसतं कुणीतरी विचारायला हवं होतं.
त्याच्याशेजारी कोकाची पानं चघळत पाऊण तास
त्याच्या मेलेल्या खेचराचे गुण ऐकले.
चौथ्याने काहीच मागितलं नाही.
मला भीती वाटली ती त्याचीच.

बुधवारी रात्री छापखाना.
उल्पिआनो तारकी, एकाच बाकावर शिकलो आम्ही,
हातात ओलं प्रूफ धरून उभा :
'देश लिलावात'. सहा कॉलम.
"खरं की खोटं?"
"शुक्रवारपर्यंत थांब."
"मी खरं-खोटं विचारलं. वार नाही विचारला."

माझ्या डाव्या खिशात जकात खात्याचं पत्र होतं :
त्याच्या कागदाचे गठ्ठे सरहद्दीवर अडवता येतील असं.
साहेब 'वापर' म्हणाले नव्हते.
'वापरू नकोस' असंही नव्हते म्हणाले.
मी ते काढलं नाही. पण हात तिथेच जात होता,
आणि उल्पिआनोला लहानपणापासून माझे हात वाचता येतात.

जे सांगायचं नव्हतं ते उजव्या खिशात :
पहिलं कलम, कैद्यांची अदलाबदल.
यादी मीच टंकलेली. चारशे बारावं नाव,
तारकी, सेवेरो. त्याचा धाकटा.
सांगितलं असतं तर तो थांबला असता,
पण मग थांबला असता तो भाऊ; संपादक नव्हे.
आणि नाही सांगितलं, तर...
गप्प बसलो. यालाही नोकरी म्हणतात.

"शुक्रवारपर्यंत किती मरतील?"
सांगितलं. रोजचा आकडा आमच्याकडे येतो.
"आणि मी छापलं तर?"
"तो आकडा कुणाकडेच नाही."
त्याने बराच वेळ शाईची बोटं पुसली. फडकं त्यांच्याहून काळं.
मग आत ओरडला, "पान मोडा रे! पाण्याच्या गाड्यांचं घ्या वर!"

गुरुवारी छापून आलं :
गाड्या का पोचल्या नाहीत, टायरचं कंत्राट कुणाचं,
तहानेने गेलेल्या पोरांची गावं, एकेक.
लिलाव परवडला असता.
चौथ्या सिनेटरने ते पान उभं राहून शेवटपर्यंत वाचलं,
त्याच्या गावाचं नाव आलं तिथे चष्मा काढला,
आणि मतदानाला हात आमच्या बाजूने वर केला.
आभार मानायला गेलो तर मला ओळखलं नाही.

शुक्रवारी तार :
लोकर पाहिली. भाव ठरला नाही. पुन्हा बोलावलंय.

संध्याकाळी पायऱ्या उतरून पुन्हा छापखान्यात.
उल्पिआनोने वर न बघता म्हटलं, "झाला शुक्रवार."
मी म्हटलं,
"कुठला शुक्रवार, ते मी बोललो नव्हतो."

तो हसला नाही.
उठून यंत्राचा पट्टा तपासला,
दोनदा तपासला,
चढवला मात्र नाही अजून.