दम

बर्नाउल, फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस.
खिडकीच्या दोन काचांमध्ये कापूस कोंबलेला,
आणि आत येफिम घोरतोय
बंदरातल्या क्रेनची साखळी ओढावी तसा.
त्याची भीती नाही मला.
पस्तीस वर्षं त्यानं तीच क्रेन चालवली,
आवाज घरी येणारच होता कधीतरी.

भीती साखळी थांबते त्याची.

मग मी मोजते.
ओब नदीच्या जलमापन चौकीवर माझी अठ्ठावीस वर्षं गेली,
पाण्याची पातळी, बर्फाची जाडी,
सकाळी आठ, रात्री आठ.
मोजणं हाडात मुरलंय.
नऊ. चौदा. बावीस.
चौतिसाव्या सेकंदाला तो बुडता माणूस वर यावा तसा येतो,
कूस बदलतो,
आणि माझा जीव भांड्यात पडतो.
रोज तेच भांडं.
सकाळी घासून पालथं घालते, रात्री पुन्हा उताणं.

दवाखान्यानं यंत्र दिलं. मुखवटा, नळी, पाण्याची डबी.
येफिम म्हणाला, सोंड.
पहाटे तीनला सोंड जमिनीवर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र सोडायचं नाही.
जोडीला हवं तर तिसऱ्या मजल्यावर जा,
गुरुवारी अल्बिना रशिदोव्ना असतात.

अल्बिना रशिदोव्ना: पूर्वी पोहणं शिकवायच्या,
पायात नमद्याचे बूट, आवाज शिट्टीसारखा.
"तोंड बंद. नाकानं. आणि कमी."
"कमी?" येफिम भडकला,
"पगार कमी झाला, पेन्शन कमी, आता हवासुद्धा?"
त्यांनी त्याच्या नाकाखाली कबुतराचं पीस धरलं.
"हे हललं नाही पाहिजे.
दम कोंडायचा नाही, दम द्यायचा तर नाहीच.
दमानं घ्यायचं."

पीस हललं. पीस उडालं. पीस शेजारच्या बाईच्या मांडीवर.

मग: श्वास सोडा, नाक चिमटीत,
पहिली ओढ लागली की मोकळं करा, शौर्य नको.
येफिम, नऊ सेकंद.
नऊ! रात्री चौतीस, आणि जागेपणी नऊ.
खोलीत मी एकटीच हसले,
म्हणून माझ्याकडे वळल्या, "आता तुम्ही."

मी: एकेचाळीस.

"कुठे शिकलात?"
मी सांगणार होते, कुठेच नाही,
आणि तोंड उघडतानाच कळलं.
तो थांबला की मीही थांबते.
इतकी वर्षं, रात्रीतून कितीदा,
एका बिछान्यात दोघं जण
आणि हवा कुणाच्याच कामाची नाही.

आता तो ट्राममध्ये जीभ टाळूला लावून टकटक करतो,
घोडा हाकल्यासारखी.
माणसं वळून घोडा शोधतात.
भांडी घासताना गुणगुणतो, ओठ मिटून, एकच सूर;
गाणं म्हणता येत नाही ते बरंच झालं.
नवाचे बारा झाले. मग दहा. मग सतरा.
वहीत मी "बरा झाला" असं लिहिलं
तर अल्बिना रशिदोव्नांनी खोडलं.
"सतरा लिहा. सतरा झाले, तेवढंच लिहा."
डॉक्टरीणबाईंच्या आलेखावर डोंगर थोडे बसले,
बसले म्हणजे गेले नाहीत.
सोंड आता पाचपर्यंत टिकते.

एप्रिलच्या सोळा तारखेला ओब फुटली.
घरापर्यंत आवाज,
कपाटातून कुणी थाळ्यांची चळत ओढतंय असा.
पुढच्या कुठल्याशा रात्री मला जाग आली,
चौकीची सवय, बर्फ ऐकायची.
शेजारी येफिम उठून बसलेला.
मुखवटा कपाळावर सरकवलेला, चष्म्यासारखा,
हातात माझं घड्याळ.
"काय करतोयस?"
"मोजतोय."
"काय?"
"तुझा."
मी श्वास रोखून विचारलं, किती झाले?
"बोललीस ना," तो म्हणाला,
"चुकलं. आता पुन्हा पहिल्यापासून."