सात नंबरची जागा

दर रविवारी सकाळी मी खाली उतरायचे,
राखाडी कव्हर काढायचे (घडी कधी नीट बसली नाही)
आणि दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवून बसायचे.
बॅटरी उतरू नये म्हणून.
समोर भिंत. भिंतीवर सोसायटीची पाटी:
'येथे गाड्या धुवू नयेत. पाणी पिण्याचे आहे.'

भिंतीकडे बघत पेट्रोल जाळणारी मी एकटीच नव्हते.
नऊ नंबरचे खांबेटे काचा वर करून
आपल्या गाडीत पेपर वाचत बसायचे.
आम्ही मान हलवून ओळख द्यायचो,
देवळात भेटल्यासारखी.

बाकीचे दिवस मेट्रोचे.
आनंदनगरहून डेक्कनला जाताना
वरून कर्वे रस्त्यावरची टपं दिसतात,
एकाला एक चिकटलेली,
आणि प्रत्येक टपाखाली एकेकटा माणूस,
रविवारच्या माझ्यासारखाच.
फक्त त्याला वाटत असतं, आपण चाललोय.

हिशोब शर्वरीनं मांडला.
विमा, सर्व्हिसिंग, पीयूसी, पार्किंगचे सोसायटीला,
भागिले वर्षाचे किलोमीटर: चारशे अकरा.
"आई, दर किलोमीटरला
तू तिला एक मिसळ खायला घालतेस.
जास्तीच्या पावासकट.
शहरात गाडी लागते कुणाला?"

खरं होतं. आकडे माझेच, तिनं फक्त भागले.
मी चहा गाळत राहिले.

कारण त्या हिशोबात एक रात्र नव्हती.
पावणेतीन. ह्यांचा श्वास
कुकरच्या शिट्टीआधी होतो तसा.
फोनच्या पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र,
'रिक्षा शोधत आहोत',
आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला
पाय हँडलवर टाकून गाढ.
गाडी मात्र एका दमात चालू झाली.
सगळे सिग्नल पिवळे, उघडझाप करत,
म्हातारी\nगर्दी गेल्यावर
शहर केवढंसं असतं ते तेव्हा कळलं.
सात मिनिटं लागली.
त्या सात मिनिटांवर आम्हाला पुढे अकरा महिने मिळाले.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, शर्वरी?
बोलले नाही. तिलाही माहीत असणार.
तीच तर मागच्या सीटवर त्यांचं डोकं धरून होती.

जाहिरात बघून सहा जण येऊन गेले.
एकानं रंगावर नख घासून पाहिलं,
एकानं आधी गाडीची पत्रिका मागितली, मग सूट.
सातवे किसन मरगळे, पानशेतच्या पलीकडून,
शेवटची एसटी साडेपाचला जाते तिथून.
बरोबर मुलगा. सुनेला सातवा सरलेला.
मरगळ्यांनी किलोमीटर विचारले नाहीत,
ॲव्हरेज विचारलं नाही, टायर दाबले नाहीत.
बॉनेटवर हात ठेवून म्हणाले,
"बाई, रात्री-अपरात्री लगीच चालू होती का?"

"होते," मी म्हटलं. "एका दमात."
आणि दहा हजार कमी केले
त्यांनी न मागता.
शर्वरीच्या भुवया वर गेल्या, पण ती काही बोलली नाही.

आता सात नंबरला तेलाचा एक डाग आहे, ताम्हनाएवढा.
खांबेटे विचारून गेले, जागा भाड्यानं द्याल का,
दुसरी गाडी घेतोय.
कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर
मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय.
"कधीही फोन करा," तो म्हणाला,
"रात्रीचे दीडपट पडतील."
दीडपट. चालेल.

अजून कधी पावणेतीनला जाग येते.
कान आधी खाली, पार्किंगकडे जातो.
मग आठवतं:
ती तिकडे अंगणात असेल,
कव्हराशिवाय, दवात भिजत,
तोंड रस्त्याकडे करून.