हलकी स्प्रिंग

तिसऱ्यांदा परत आलाय तो,
अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यातून,
सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून.
सोबत चिठ्ठी: "वाजतंय की ओ. बदलून द्या."

इरण्णांनी लेथशेजारीच उघडला.
डिस्कची दांडी एका अंगानं झिजून चकचकीत,
गाइड बुश लंबगोल,
स्प्रिंग तिसऱ्या वेढ्यात तुटलेली.
"माल चांगलाय पोरी," ते म्हणाले,
"ह्यानं स्वतःलाच हाणलंय."

आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड.
आई रात्री अडीचला उठते,
खालचा व्हॉल्व्ह गळतो म्हणून
आधी पंपाच्या तोंडात दोन तांबे पाणी ओतते,
मग बटण दाबते.
मला हा धंदा तिथंच कळला:
वर चढवलेलं खाली येऊ द्यायचं नाही.

लोकांना वाटतं, उलटा प्रवाह येतो आणि झडप ढकलून लावतो.
तसं होईपर्यंत उशीर झालेला असतो.
पाइप भिंतीत धडकतो, शेजारी जागे होतात.
स्प्रिंगचं काम त्याच्या आधीचं:
पुढचा जोर ओसरू लागला की,
मागे फिरायचं कुणाच्या मनातही आलेलं नसताना,
मिटणं.

आणि उघडायचं तर पुरतं, टेकेपर्यंत.
अर्धवट उघडी झडप पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला थरथरते,
मिनिटाला सातशे वेळा,
दिवसपाळी, रातपाळी,
बसणार की उठणार ते न ठरवता.

मे महिना, पत्र्याखाली त्रेचाळीस.
चिलवेरी शेठनी स्वतः शेड दाखवली.
चाळीस एअरजेट माग. मी मोजले.
अठरा चालू.
उरलेल्यांवर जुन्या चादरी, त्यांच्याच मापाच्या,
कडेला मोर विणलेल्या.
"पाइप तीन इंची," ते म्हणाले, "म्हणून व्हॉल्व्ह तीन इंची."
मी मोबाइलवर हिशेब केला, पुन्हा केला.
"एवढ्या हवेला दोन इंची पुरेल शेठ."

ते काही बोलले नाहीत.
फोन वाजला, तेलुगूत कुणाला तरी थांब म्हणाले.
मग पाइपकडे बघत:
"कामगार रोज ह्याच्याखालून जातात.
बारीक बसवला तर विचारतील.
मी काय सांगू?"

ह्या प्रश्नाला आमच्या पुस्तकात तक्ता नाही.

तारेची जाडी हिशेबात चारदा गुणली जाते,
म्हणून केसभर उतरवली तरी स्प्रिंग निम्म्यानं मवाळ.
एक पूर्णांक सहाची मी एक पूर्णांक तीन केली.
फार उतरवली असती तर मिटायला आळशी झाली असती;
दोन रात्री त्या एका दशांशात गेल्या.
आत पितळी कडं टाकलं,
डिस्कनं थोडंच चालावं आणि टेकावं म्हणून.
बाहेरून तोच. तीन इंची, निळा रंग, आठ बोल्ट.
इरण्णांनी कडं कातताना विचारलं,
"हे ड्रॉइंगमध्ये कोणत्या नावानं लिहू?"
मी म्हटलं, नंतर सांगते.

बसवला त्या दिवशी
स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हच्या अंगाला लावलं,
मूठ कानाला.
कॉम्प्रेसर सुरू.
एकदाच टक्.
मग नुसती हवा, जात असलेली.

जुन्या मापाची, कडक, नवी स्प्रिंग
तेलकट कागदात पुडी करून
तारेनं तिथंच पाइपला अडकवली.
वर मार्करनं लिहिलं:
चाळीस माग चालले की ही घालणे, कडे काढणे.

शेठनी आवाजाचं विचारलं नाही.
पुडी नीट बांधली आहे ना,
तेवढं हात लावून पाहिलं,
आणि चहा सांगितला.